निम्मा निळा, निम्मा पांढरा

कॉलेजात असताना आमच्या कट्ट्यावर इंग्लिश फुटबॉल म्हणजे मँचेस्टर युनायटेड, नाहीतर लिव्हरपूल. केबलवर नुकत्याच मॅचेस दिसू लागल्या होत्या. त्यांत एका संघाची जर्सी मधोमध उभी विभागलेली असायची, निम्मी निळी, निम्मी पांढरी. मला ती आवडली आणि मी ब्लॅकबर्न रोव्हर्सचा झालो. माणूस संघ निवडतो तो अशाच फुटकळ कारणाने. तात्त्विक बैठक वगैरे मागाहून येते.

१४ मे १९९५, लीगचा शेवटचा रविवार. ब्लॅकबर्न अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलशी खेळत होतं. अ‍ॅलन शिअररने आघाडी मिळवून दिली, लिव्हरपूलने बरोबरी केली आणि अगदी शेवटी जेमी रेडनॅपची फ्री किक जाळ्यात गेली. १-२. सगळं संपलं म्हणून मी उठणार, तर तिकडे लंडनमध्ये वेस्ट हॅमने युनायटेडला बरोबरीत रोखून धरलेलं! ८९ गुणांविरुद्ध ८८. मॅच हरलेला संघ विजेता ठरला, आणि यजमानांचे प्रेक्षकही खूश, कारण युनायटेडचं नाक कापलं गेलं होतं.

कट्ट्यावर मित्र चिडवायचे, पैसे फेकून कप आणला. त्यात खोटं काही नव्हतं. जॅक वॉकर या ब्लॅकबर्नच्याच पोलादवाल्याने आपला धंदा विकला, १९९१ मध्ये गावचा क्लब ताब्यात घेतला, केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, शिअररला घेतलं. पण गावातून मोठा झालेला माणूस गावच्या देवळाला कळस चढवतो, त्याला कोणी नावं ठेवत नाही.

पुढे जुना इतिहास वाचत गेलो, तसं लक्षात आलं की पैशाचं हे भांडण पहिल्यापासूनचंच आहे. रोव्हर्स १८७५ साली स्थापन झाला तो श्रूजबरीच्या महागड्या शाळेत शिकलेल्या तरुणांच्या पुढाकाराने. गावातल्या कामगारांचा संघ वेगळा, ब्लॅकबर्न ऑलिंपिक. १८८३ मध्ये ओल्ड इटोनियन्स या साहेबी संघाला हरवून एफए कप जिंकला तो या ऑलिंपिकने. त्यानंतरची सलग तीन वर्षं मात्र कप रोव्हर्सकडे गेला. त्यांच्याकडे फर्गस सूटरसारखे स्कॉटिश खेळाडू होते. खेळण्याचे पैसे घेणं तेव्हा नियमात बसत नव्हतं, पण ते मिळतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. १८८५ मध्ये नियमच बदलला. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारा संघांत रोव्हर्स होता, ऑलिंपिक नव्हता. वर्षभरात ऑलिंपिक बंदच पडला. मला त्या गेलेल्या क्लबबद्दल रोव्हर्सपेक्षा जास्त माया वाटते, हे इथे सांगून टाकतो.

आणि गावात पैसा येत होता कुठून? मागांवरून. ब्लॅकबर्न हे विणकरांचं गाव. तिथून हिंदुस्थानच्या बाजारात धोतरं यायची. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, त्यात ब्लॅकबर्नचा माल जळालाच नसेल असं मला वाटत नाही. रोव्हर्सने १९१२ आणि १९१४ मध्ये लीग जिंकली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या ऐन भरात होत्या. नंतर गिरण्या मिटत गेल्या. क्लबला पुढचं लीग विजेतेपद थेट १९९५ मध्ये मिळालं.

२०१० च्या नोव्हेंबरात पेपरात वाचलं, की ब्लॅकबर्न रोव्हर्स पुण्याच्या व्यंकीजने घेतला. माझा संघ माझ्या गावात आला! आनंद महिनाभरही टिकला नाही. डिसेंबरात मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं, स्टीव्ह कीन आले, आणि मे २०१२ मध्ये विगनकडून घरच्या मैदानावर हरून संघ प्रीमियर लीगबाहेर पडला. त्या मॅचला कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. कोंबडीचा धंदा करणाऱ्या मालकांना याहून झोंबरी चिठ्ठी कोणी लिहिली नसेल. २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी उतरला, वर्षभरात परत चढला.

नोकरीच्या निमित्ताने मँचेस्टरला होतो, तेव्हा रोव्हर्सच्या मैदानावर, ईवुड पार्कला गेलो. शेजारी जुना, विटलेला मफलर गुंडाळलेले आजोबा होते. थर्मासमधला चहा त्यांनी आधी मला दिला, मग विचारलं, कुठला? मी पुणे म्हटलं. त्यांनी मफलरचं टोक नीट केलं आणि बराच वेळ मैदानाकडे पाहत राहिले. "मग त्यांना भेटलास, तर एकदा इकडे या म्हणावं," एवढंच म्हणाले. रागाने नव्हे, माहेरी न फिरकणाऱ्या लेकीला निरोप धाडावा, त्या सुरात.

माझं मत विचाराल तर, मालकांनी पैसा कमी घातला नाही. कमी पडली ती स्टँडमधली हजेरी. वॉकर गावचेच होते, तो फरक चेकबुकाने भरून निघत नाही.

पुण्याहून कामासाठी मँचेस्टरला जाणाऱ्यांनी एक शनिवार राखून ठेवावा. रेल्वेने तासाभराचा रस्ता आहे, मिल हिल स्टेशनवरून मैदान चालत गाठता येतं आणि तिकीटही बहुतेक वेळा मिळतं. फक्त गाव विचारलं, तर जरा बेतानं सांगा.