पायांकडे पाहणारा माणूस

मराठी साहित्याने तमाशाकडे पाहिले ते बहुतेक वेळा प्रेक्षकांत बसून. त्यामुळे जे उजेडात होते तेच त्याच्या नजरेत भरले. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘वैजयंता’त नर्तकी आहे, आनंद यादवांच्या ‘नटरंग’मध्ये नाच्या आहे, ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटात फडापायी बुडालेला मास्तर आहे. (या तिसऱ्याचे दुःख मला कधीच फारसे खरे वाटले नाही, पण तो वेगळा विषय.) अण्णा भाऊ तर तमाशात वावरलेले, त्यांना आतले जग ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही नाचणारीच्या मागे दोन हातांवर, कमरेला ढोलकी बांधून रात्रभर उभ्या असणाऱ्या माणसाला हा फड कसा दिसत असेल, हे मला आपल्या वाङ्मयात फारसे सापडले नाही. माझे मामा तीसहून अधिक हंगाम असे उभे होते. त्यांच्याकडून जे ऐकले आणि सुट्ट्यांमध्ये त्यांच्याबरोबर हिंडताना जे पाहिले, त्यातले थोडे येथे मांडतो.

विठाबाई नारायणगावकरांची एक कथा महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्यावर पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ती ऐकताना अंगावर काटा येतो. मामांनी मात्र ती ऐकल्यावर एकच प्रश्न विचारला होता : “तवर ढोलकी कुणी धरली व्हती?” त्यांच्या लेखी त्या कथेत आणखी एक माणूस होता. रिकामा बोर्ड आणि समोरचा लोंढा यांच्यामध्ये कुणीतरी हात चालू ठेवल्याखेरीज पडद्यामागे इतका वेळ मिळूच शकत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

संगीत बारीतले वादक बसून वाजवतात आणि बारी सहसा एखाद्या थिएटरात मुक्कामाला असते. ढोलकी फडाचे तसे नाही. दसऱ्याला बाहेर पडायचे आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास परतायचे. आधी तंबू-कनातीचे, तिकिटाचे खेळ. मग पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात आणि यात्रांचा हंगाम सुरू होतो. यात्रेची तारीख तिथीवर ठरते, रस्त्याच्या सोयीवर नव्हे. त्यामुळे आज जुन्नरच्या डोंगरात, उद्या नगर जिल्ह्यात, परवा पुन्हा मागे, अशी ओढाताण चालते. कनात, फळ्या, जनरेटर आणि माणसे ट्रकांत भरायची. झोप प्रवासात. सगळे सामान एकावर एक रचले जाई, पण मामांची ढोलकी सामानात कधी गेली नाही. घोंगडीत गुंडाळून ती त्यांच्या मांडीवर असे.

याचे कारण भावनिक नव्हते. ढोलकीच्या उजव्या तोंडावर शाई असते, डाव्या तोंडाला आतून मसाला लावलेला असतो, आणि दोन्हीकडे शेवटी कातडेच. कातडे हवा पिते. पौषातल्या रात्री दव पडू लागले की उजवे तोंड उतरते. दुपारच्या उन्हात राहिली तर तेच इतके चढते की पेटीशी जमत नाही. हलगीवाल्याचे बरे, तो शेकोटी पेटवून हलगी शेकून घेतो. ढोलकीवाल्याला कड्या सारत बसावे लागते, तेही गवळण चालू असताना, संवादाच्या आडोशाने. एकाच रात्रीत तीन-चार वेळा वाद्य नव्याने लावणे हे काम प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही; आले तर ते नीट झालेले नसते.

मामा वाजवताना कुठे पाहतात, हे कळायला मला बरेच हंगाम लागले. ते चेहऱ्याकडे पाहत नसत. त्यांची नजर नाचणारीच्या घोट्यांवर असे. लावणी म्हणजे गायिकेचे शब्द आणि त्यामागे धरलेला ठेका, अशी आपली वर्गातली समजूत असते. प्रत्यक्षात केरवा असो की धुमाळी, ठेका पायाच्या आधी येत नाही आणि मागूनही येत नाही. टाच उचलली गेली की ती कुठे पडणार हे ओळखून डाव्या हाताचे मनगट कातड्यावर दाबत सरकवायचे, म्हणजे घुमारा आणि पाऊल एकाच वेळी जमिनीला लागतात. बाई दमली असेल, अंगात ताप असेल, तर ते आधी पायात उतरते. मामा तेव्हा लय कणभर मागे घेत आणि उजव्या हाताने बोल भरून काढत. समोरच्यांना वाटे, वादन रंगले. बाईला तेवढा श्वास मिळे.

एकदा मुंबईच्या एका स्टुडिओत त्यांना बोलावणे आले. कानावर हेडफोन, त्यात यंत्राची टिकटिक, काचेपलीकडे कुणीतरी बोटाने खुणा करणारा. गायिका आधीच गाऊन गेली होती. दोन दिवसांत त्यांनी जे पैसे मिळवले ते फडात महिन्यातही मिळाले नसते. पुन्हा निरोप आला तेव्हा ते गेले नाहीत. आम्ही सगळ्यांनी समजावले; आईने तर अबोला धरला. त्यांचे म्हणणे एवढेच : “तिथं पाय नव्हतं रं. कुणासाठी वाजवायचं?” मला आजही ठामपणे सांगता येत नाही की ते बरोबर होते. घरात दोन मुली होत्या, त्यांच्या शिक्षणाचे पैसे होते. कलेच्या निष्ठेची किंमत बहुधा कलावंताखेरीज इतरच मोजतात, आणि निष्ठेचे गोडवे गाणाऱ्या आपल्यासारख्यांना ती किंमत पडत नाही.

अभ्यासक मित्रांसाठी येथे एक गोष्ट सुचवाविशी वाटते. वगाची छापील संहिता आपण नाटकासारखी वाचतो आणि ‘कथानक विस्कळीत’ असा शेरा मारतो. पण पहाटे दोनला अर्धे गाव पेंगत असताना सोंगाड्याच्या कोटीवर पडणारी एकच थाप, किंवा राजाच्या प्रवेशाआधी हलगी आणि ढोलकीने मिळून उभे केलेले अर्धे मिनिट, हे त्या संहितेत कुठे आहे? वगाची वीण ज्याच्या हातात होती तो पानावर आलाच नाही. आता तर ती वेळही राहिलेली नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवायचे आणि मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत, अशी चौकट झाल्यावर रात्रभराचा वग कुठे बसवायचा? नियमामागचे कारण मला पटते, पण तोटा झाला तो झालाच.

पैशाचे गणित उचलीवर चालते. पावसाळ्यात मालकाकडून आगाऊ रक्कम घ्यायची आणि हंगामात फेडायची. न फिटल्यास पुढच्या हंगामाला त्याच फडात. फडात बव्हंशी ज्या जातींची माणसे असतात त्यांच्यापाशी जमीन नसते, म्हणून उचल नाकारणे सोपे नसते. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. सुपाऱ्या फिरल्या, राहुट्या उठल्या. २०२१ चा एप्रिलही तसाच गेला. दोन हंगामांची उचल डोक्यावर, आणि साठी ओलांडलेले मामा कांद्याच्या काढणीला जात होते. कांदा कापताना बोटांवरचे घट्टे उपयोगी पडतात, असे ते हसून सांगत. ढोलकी खुंटीला होती; तिला महिन्यातून एकदा ऊन दाखवायचे काम मामीचे.

नंतर फड पुन्हा निघाले, मामाही एक हंगाम गेले. फडात ऑक्टोपॅड आला होता. सिनेमाच्या गाण्यांवरच्या नाचाला तोच लागतो. ढोलकीला गण, गवळण आणि एक-दोन लावण्या उरतात. तो वाजवणारा पोरगा वाईट नाही, हात चपळ आहे, असे मामा म्हणत. फक्त तो बटणांकडे पाहतो.

या हंगामात मी एका यात्रेला त्यांच्याबरोबर होतो. रात्रीचा खेळ गोंगाटात कधी संपला ते कळले नाही. सकाळी हजेरी होती. हजेरी म्हणजे गावासाठीचा दिवसाचा खेळ : तिकीट नाही, रोषणाई नाही, आणि त्या गावात ध्वनिवर्धकही नव्हता. देवळापुढच्या पटांगणात म्हातारी माणसे कडेने बसली होती, पोरे झाडावर, दुपारच्या कुस्त्यांसाठी पलीकडे माती उकरणे चालू होते. नाचणारी मुलगी रात्रीच्या जागरणाने सुजलेल्या डोळ्यांनी, साध्या नऊवारीत आली. ऑक्टोपॅडचा पोरगा ट्रकाखाली झोपला होता. मामांनी उजव्या तोंडावर बोट मारून पाहिले, एक कडी सारली, आणि मान खाली घालून तिच्या पायांकडे पाहू लागले.