टाक्याचे पाणी

पाण्याचे वजन कमी करता येत नाही. सॅक भरताना तांदूळ मोजून घेता येतात, अंथरूण हलके निवडता येते, जादा कपडे घरी ठेवता येतात. परंतु एक लिटर पाणी एक किलो भरते आणि त्यात कसर करण्याची युक्ती अद्याप कोणाला सापडलेली नाही. एप्रिलच्या उन्हात सह्याद्रीचा चढ चढणाऱ्या माणसाला दिवसाकाठी चार-पाच लिटर पाणी सहज लागते. दोन दिवसांचा मुक्काम आणि स्वयंपाक धरला, तर दहा-बारा किलो ओझे केवळ पाण्याचेच होईल. म्हणूनच पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर हिंडणारा माणूस वाटेवरच्या पाण्याच्या भरवशावर घर सोडतो. बुरूज कोठे आहेत, कडा कोठे आहे, हे तो मागाहून विचारतो. वर पाणी आहे का, हे आधी विचारतो.

हा प्रश्न त्याच्याही आधी पुष्कळांनी विचारलेला आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत खडकात खोदलेल्या टाक्यांचे दान केल्याचे प्राचीन शिलालेख आहेत. त्या काळच्या प्राकृत भाषेत टाक्याला ‘पोढी’ म्हणत. कोणी तरी द्रव्य दिले, कोणी तरी छिन्नी चालवली आणि पावसाचे पाणी वर्षभर साठून राहिले. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असा सल्ला आहे. गडावरील अनेक टाक्यांतून निघालेला दगडच तटबंदीला लागला, असे म्हणतात. दगडाची जागा पावसाने घेतली. अशी काटकसर हल्ली क्वचितच पाहावयास मिळते!

मात्र तीनशे वर्षांपूर्वी गडावर राबता होता. टाक्यातला गाळ उपसला जात असे, पिण्याचे टाके वेगळे राखले जात असे. आज बहुतेक गडांवर वस्ती उरलेली नाही. पावसाळ्यात वाहून आलेली माती तळाशी बसते, झाडांचा पाला कुजतो, शेवाळ धरते, माकडे आणि गुरे काठाशी येतात. वैशाखात पाण्याची पातळी उतरते. भर दुपारी घशाला कोरड पडलेला प्रवासी टाक्यात वाकून पाहतो, तेव्हा त्याला हिरवट-तपकिरी, गढूळ पाणी दिसते. आपला चेहराही त्यात धड उमटत नाही.

अशा वेळी माणूस दोन प्रकारे चुकतो. एक तर तहानेच्या भरात तो ओंजळीने पाणी पितो; नाही तर किळस येऊन पाणी न घेताच पुढे निघतो. दुसरी चूक दिसण्यात सावधपणाची असली, तरी तीच अधिक घातक ठरू शकते. दूषित पाण्याचा आजार उमटायला काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. कडक उन्हात पाण्यावाचून चालणारा माणूस मात्र संध्याकाळपर्यंतही टिकेल याची खात्री नसते. जवळ कोणतेच साधन नाही आणि खाली उतरण्याइतके त्राणही नाही, असा प्रसंग खरोखरच आला, तर आहे ते पाणी प्यावे आणि उतरल्यावर वैद्यकीय सल्ला घ्यावा, हेच शहाणपणाचे. पण असा प्रसंग क्वचित येतो. बहुधा हाताशी एखादे फडके असते, पातेले असते आणि थोडा वेळही असतो. नसतो तो धीर.

गढूळपणा म्हणजे काय, हे समजले की धीर धरणे सोपे जाते. मातीचे जाड कण भांड्यात तासाभरात तळाशी बसतात. बारीक कण मात्र बसत नाहीत. त्या प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. पाण्यात तुरटीचा खडा फिरवला की तुरटीतील ॲल्युमिनियममुळे हा भार नाहीसा होतो. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि स्वतःच्या वजनाने खाली उतरतात. आजीने हंड्यात तुरटीचे चार-पाच वेढे दिले, तेव्हा तिला विद्युतभार ठाऊक नव्हता. परंतु किती वेढे पुरे, हे ठाऊक होते. निवळीच्या बियाही हेच काम करतात. मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूला ही बी घासतात आणि मग त्यात पाणी भरून ठेवतात. या झाडाचे मराठी नावच त्याच्या गुणावरून पडले आहे. संस्कृतात त्याला कतक म्हणतात. सुश्रुतसंहितेत पाणी निवळवणाऱ्या वस्तूंमध्ये कतकाचा उल्लेख आहे आणि त्याच यादीत वस्त्रही आहे. मनुस्मृतीत तर कतकाचा दृष्टान्त येतो: नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. सॅकच्या तळाशी शुद्धीकरणाच्या गोळ्या ठेवून त्या बाहेर न काढणाऱ्यांना हा दृष्टान्त चपखल लागू पडतो.

वस्त्राची गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्यासारखी आहे. जुन्या लुगड्याचे फडके हंड्याच्या तोंडाला बांधून पाणी गाळण्याची रीत घरोघरी होती. काडीकचरा अडवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, असे शिकलेल्या लोकांना वाटे. कारण सरळ होते: जीवाणू इतके सूक्ष्म की कापडाच्या भोकातून हजारोंनी पार व्हावेत. परंतु पटकीचे जीवाणू पाण्यात बहुधा एकटे नसतात. ते सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात, आणि हे जलचर कापडात अडकतात. रिटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात याचा अभ्यास केला. जुन्या सुती साडीची घडी घालून आठ पदरांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे नव्या साडीपेक्षा जुनी साडी अधिक उपयोगी ठरली, कारण अनेकदा धुतल्याने सुताचे तंतू सुटे होतात आणि भोके बारीक होतात. झिजलेल्या वस्तूची उपयुक्तता वाढावी, असे जगात फार थोड्या ठिकाणी घडते.

कापडाने नारूलाही हरवले. ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांनी या रोगाचे नाव नक्कीच ऐकले असेल. पायऱ्यांच्या विहिरीतील बारीक जलचरांच्या पोटात नारूच्या अळ्या असत. ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे वर्षभराने जवळजवळ मीटरभर लांबीचा कृमी तयार होई आणि बहुधा पायातून फोड फोडून बाहेर येई. आग शमवण्यासाठी रुग्ण पाय पाण्यात बुडवी आणि त्याच क्षणी हजारो अळ्या पुन्हा विहिरीत जात. यावर औषध नव्हते, लस नव्हती; आजही नाही. पाणी गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि हातपंप बसवणे, एवढ्यावरच हा लढा झाला. भारतातील शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. टाक्याच्या पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभे राहून बाटली भरणाऱ्या हौशी प्रवाशाला हा इतिहास माहीत असता, तर त्याने पाय कोरडे ठेवले असते.

तरीही निवळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. येथेच पुष्कळांची फसगत होते. दिल्लीत 1955 च्या अखेरीस याचा मोठा पुरावा मिळाला. यमुनेला पूर आल्यानंतर नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजीराबादच्या जलकेंद्राच्या तोंडाशी आले. अधिकाऱ्यांनी तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढवले. त्यामुळे विषमज्वरासारखे जीवाणूंचे आजार फैलावले नाहीत. परंतु विषाणू त्यातून निसटला. पुढील काही आठवड्यांत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. हा हिपॅटायटिस ई या विषाणूचा उपद्रव होता, हे बऱ्याच वर्षांनी स्पष्ट झाले.

गढूळपणा आणि जंतू यांचे असे संगनमत असते. मातीच्या कणाआड जंतू लपतात. पाल्याचा कुजका अंश क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून क्लोरीनची गोळी गढूळ पाण्यात थेट टाकणे म्हणजे ती वाया घालवणे होय. आधी निवळवावे, मग गाळावे, त्यानंतर गोळी टाकून किमान अर्धा तास थांबावे; पाणी थंडगार असेल तर अधिक थांबावे. भारतीय मानक ब्यूरोच्या 2012 च्या मानकात पिण्याच्या पाण्याच्या गढूळपणाची मर्यादा 1 एकक ठेवली आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 5 एककांपर्यंत सूट दिली आहे. डोंगरात मोजमापाचे यंत्र कोणी नेत नाही. मात्र डोळ्यांना पाणी गढूळ दिसते आहे म्हणजे ही मर्यादा बहुधा ओलांडली गेली आहे, असे समजण्यास हरकत नाही.

बाजारात मिळणाऱ्या पोकळ तंतूंच्या गाळण्या जीवाणू आणि आदिजीव अडवतात. विषाणू मात्र त्यांतील बहुतेक गाळण्यांतून पार होतात. शिवाय गढूळ पाण्याने त्या लवकर तुंबतात. एकदा वापरलेली गाळणी गोठली तर तिचे तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून हिमालयात जाणारे जाणते गिर्यारोहक रात्री ती अंथरुणात उबेला घेऊन झोपतात.

हिमालयातील गढूळपणाची जातच निराळी. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना वाटेच्या कडेने वाहणारी भागीरथी उन्हाळ्यात राखाडी दिसते. हिमनदीने खडक घासून केलेले ते पीठ असते. त्याचे कण इतके बारीक की कापड त्यांना अडवत नाही आणि रात्रभर ठेवले तरी ते पुरते बसत नाहीत. तेथे शक्यतो मुख्य प्रवाह सोडून बाजूच्या उतारावरून येणारा स्वच्छ झरा शोधावा. नितळ झऱ्याच्या वरच्या अंगाला मेंढरांचा कळप बसलेला असू शकतो, हेही विसरू नये. गोमुख सुमारे 4,000 मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर पाणी साधारण 87 अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. डाळ शिजत नाही म्हणून तेथे स्वयंपाकी वैतागतो. पण जंतूंना मारण्यास तेवढी उष्णता पुरेशी असते. खळखळून उकळी आल्यावर सखल भागात एक मिनिट आणि दोन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे पाणी उकळत ठेवावे. उकळण्याने जीवाणू, विषाणू आणि आदिजीव हे तिन्ही नष्ट होतात. एवढे सर्व एका वेळी साधणारा उपाय सॅकमध्ये दुसरा नसतो. अडचण आहे ती इंधनाची. ती आली की प्रवासी स्वयंपाकाचे पाणी उकळतो आणि पिण्याचे तसेच पितो, हा हिशेब उलटा आहे. भात शिजताना पाणी आपोआप उकळते. बाटलीत भरायचे पाणी कोणी तरी मुद्दाम उकळावे लागते.

टाक्याशी वागण्याची एक रीत आहे. ती पुस्तकात क्वचित सापडते. पाणी भांड्याने काढून बाजूला न्यावे. भांडी घासणे, तोंड धुणे, साबण लावणे हे टाक्यापासून दूर, उताराच्या बाजूला करावे. भांड्याच्या तळाशी बसलेला गाळ पुन्हा टाक्यात ओतू नये. रविवारी शंभर माणसे गड चढून येतात आणि संध्याकाळी उतरून जातात. गडाच्या घेऱ्यातली गुराखी मुले आणि सरबत विकणाऱ्या बाया सोमवारी तेच पाणी पितात. कित्येक पायथ्याच्या गावांत मे महिन्यात विहीर आटते, टँकरची वाट पाहावी लागते आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन बायका अर्धा डोंगर चालतात. शहरातून आलेल्या माणसाने ‘ताई, पाणी मिळेल का?’ असे विचारले, की त्यातलेच तांब्याभर पाणी पुढे केले जाते. नाही म्हणण्याची तिथे पद्धत नाही.

हा तांब्या हातात आल्यावर खरी पंचाईत होते. पाणी किंचित गढूळ असते. समोर घरची माणसे उभी असतात. खिशातून गोळी काढून तांब्यात टाकावी, तर यजमानीण दुखावते. तसेच प्यावे, तर पुढचा चढ आणि बरोबरच्या माणसांची जबाबदारी आठवते. अनुभवी प्रवासी अशा वेळी तांब्या दोन्ही हातांनी घेतो, पडवीत टेकतो आणि म्हणतो, ‘ताई, उन्हातून आलोय, थंड पाणी बाधेल. कोरा चहा मिळाला तर बरं होईल.’ चूल पेटते, पातेल्यात पाणी खळखळू लागते, गवती चहाचा वास पडवीभर पसरतो. सोबतचा तरुण पोरगा विचारतो, एवढ्या उन्हात चहा कशाला? अनुभवी माणूस त्याला उत्तर देत नाही. तो सॅक उघडून त्यातली साखरेची पुडी आणि गुळाचा खडा बाहेर काढतो आणि चुलीपाशी नेऊन ठेवतो.