मुलाखतीला जाताना

मुलाखतीचे पत्र घरात आले की पहिला दिवस आनंदात जातो. पेढे नसले तरी शेजारीपाजारी साखर वाटली जाते. दुसऱ्या दिवसापासून मात्र घराचा नूर पालटतो. मुलगा जेवताना घास नुसता चिवडत बसतो, मुलगी रात्री दोनदा उठून पाणी पिते आणि आई बिचारी "काय होतंय तरी काय तुला?" म्हणून विचारत राहते. आता पत्राऐवजी मोबाईलवर संदेश येतो, एवढाच काय तो फरक. पोटातला गोळा तोच आहे.

मी पेशाने कारकून. बी.कॉम. झालो आणि फायलींत बसलो. रविवारी आमच्या बौद्धवाडीतल्या समाजमंदिरात होतकरू मुलामुलींना समोर बसवून मुलाखतीचा सराव करून घेतो. तीन खुर्च्या, एक टेबल आणि बाहेर बसायला एक बाकडे, एवढाच आमचा सरंजाम. त्यातून जे दिसले ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवतो.

आमचे मुरुड दापोली तालुक्यातले. (जंजिऱ्याचे मुरुड वेगळे, ते रायगड जिल्ह्यात. मुंबईचे पाहुणे हा घोळ हमखास घालतात.) महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. 1875 च्या सुमाराची गोष्ट. सतराएक वर्षांच्या धोंडूला सरकारी परीक्षेला बसायचे होते. ती पास झाली तर नोकरीची वाट मोकळी होणार. परीक्षा साताऱ्याला. तेव्हा कुठली एस.टी. आणि कुठली रेल्वे! भर पावसात, घाट आणि नद्या ओलांडत तो मुरुडहून साताऱ्यापर्यंत सुमारे 110 मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने 177 किलोमीटर, पायी गेला. पोचला, आणि तिथल्या साहेबांनी तोंडाकडे पाहून सांगितले की हा फारच लहान दिसतो, याला परीक्षेला बसता येणार नाही. झाले! आल्या वाटेने परत.

त्या दिवशीची निराशा कर्व्यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. हाच मुलगा 1884 साली बी.ए. झाला, 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला, 1916 साली त्याने महिला विद्यापीठ काढले आणि 1958 साली त्याला भारतरत्न मिळाले. साताऱ्याच्या त्या साहेबांचे नाव आज कोणाला ठाऊक आहे?

कर्वे जातीने ब्राह्मण. परीक्षेच्या दाराशी त्यांना जात आडवी येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी नुसत्या तोंडवळ्यावरून परत पाठवले गेले. म्हणजे समोरचा माणूस पहिल्या मिनिटात डोळ्यांनी माप काढतो, ही गोष्ट जुनीच आहे. आपल्या मुलांसाठी मात्र त्या दाराशी आणखी एक माप ठेवलेले असते, आणि त्याचीच धास्ती जास्त असते. हे आपण घरातसुद्धा नीट बोलत नाही, म्हणून इथे बोलतो.

कोकणातली आपली आडनावे बघा. जाधव, मोहिते, पवार, सकपाळ. ही आडनावे इतर समाजांतही आहेत. त्यामुळे नुसत्या आडनावावरून भागत नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो, "जाधव म्हणजे कुठले?" आपण म्हणतो, मुरुडचे. मग, "मुरुडात घर कुठे?" वाडीचे नाव सांगितले की साहेबांचे समाधान होते. माझ्या पहिल्या मुलाखतीत एका कार्यालयात मला हे दोन प्रश्न विचारले गेले आणि त्यानंतर तिसरा प्रश्नच आला नाही. हिशेबाच्या ज्या प्रश्नांची तयारी रात्र रात्र जागून केली होती, त्यातला एकही नाही.

हा काही माझ्या मनाचा खेळ नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. 2007 साली निष्कर्ष छापून आला. उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याची संधी 1 धरली तर दलित नावाची भरली 0.67, आणि मुसलमान नावाची त्याच्याही निम्मी, 0.33. त्याच साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीकडच्या मोठ्या कंपन्यांतल्या 25 भरती-अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले. आम्ही जात पाहत नाही, असे सांगणारे हे अधिकारी उमेदवाराच्या घराची मात्र बारकाईने चौकशी करत होते. वडील काय करतात, भावंडे काय करतात, घरचे वातावरण कसे आहे.

तेव्हा मुलामुलींच्या छातीत धडधड होते ती भित्रेपणामुळे, असे कृपा करून कोणी म्हणू नये. त्या धडधडीला कारण आहे. पण कारण आहे म्हणून ती घेऊनच आत जायचे का?

आमच्या वाडीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. हुशार, टायपिंग चांगले, हिशेब चोख. सरावात बाकी सगळी उत्तरे खणखणीत द्यायची. मी विचारले, "वडील काय करतात?" तिने मान खाली घातली. "गोदीत होते, आता घरी असतात." "आणि आई?" "आई काही नाही करत. घरीच." आवाज एकदम आत गेला. हात ओढणीच्या टोकाशी चाळा करू लागले.

आता तिची आई काय करते ते साऱ्या वाडीला माहीत आहे. पावसाळा सरला की ती आंब्याच्या बागेत जाते. बेणणी करते, कलमांना पाणी घालते, आणि हंगामात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पेट्या भरते. त्या माउलीच्या मजुरीवर या मुलीचे कॉलेज झाले. मी म्हटले, "बाय, आई काही करत नाही असं सांगितलंस की तू एक गोष्ट लपवलीस. आता ती बाहेर येईल म्हणून सगळा वेळ तुझा जीव टांगणीला. त्यापेक्षा आई करते ते काम सांग. नुसतं 'मजुरी' म्हणू नको, काम सांग."

तिला ते पटायला दोन रविवार लागले. पुढे एका पतसंस्थेत कारकुनाच्या जागेसाठी तिला चिपळूणला बोलावले. आत तिघे बसले होते. तिसराच प्रश्न घरचा. ती म्हणाली, "आई आंब्याच्या बागेत प्रतवारी करते आणि पेट्या भरते." तिघांतले एक गृहस्थ बागायतदार निघाले. त्यांनी विचारले, पेटीत किती फळ बसते? ही म्हणाली, फळाच्या आकारावर आहे, चार डझनांपासून सहा डझनांपर्यंत. खाली पेंढा कसा घालायचा, झेल्याने उतरवलेले फळ देठासकट का ठेवायचे, देठाचा चीक सालीवर ओघळला तर डाग कसा पडतो, सारे तिने सांगितले. लहानपणापासून पाहिलेले होते, घोकायची गरज नव्हती. परत आल्यावर मला म्हणाली, "काका, हात कापायचे कधी थांबले ते कळलंच नाही."

ती जागा तिला मिळाली नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी मिळाली. तिथेही आईचा प्रश्न आला होताच.

आता शरीराचे सांगतो, कारण घाम शरीराला फुटतो. संकट आले असे समजून शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागते. हृदय जोरात चालते, तोंड कोरडे पडते, पोट ढवळते. शरीर आपले काम करत असते, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. श्वास आपल्या हातात असतो. आत घेताना मनात चार आकडे मोजा, सोडताना सहा. सोडण्याचा श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. बाहेरच्या बाकड्यावर बसून पाच मिनिटे हे करता येते आणि शेजारच्याला कळतसुद्धा नाही. आनापानसती करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको, पण कधीच न केलेल्यालाही ते जमते. फक्त मुलाखतीच्याच दिवशी पहिल्यांदा करू नका, आठवडाभर आधी सवय लावा.

आणखी एक. "शांत हो, शांत हो" असे स्वतःला बजावून फारसे होत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली प्रयोग छापले. भाषण, गाणे, गणित अशा कामांआधी काही जणांना आपल्याला हुरूप आला आहे असे म्हणायला लावले. भाषणात त्यांची गाठ पडली 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांशी, आणि हुरूपवाल्यांचे भाषण सरस ठरले. मला ते पटते. कबड्डीच्या मैदानात उतरताना छाती धडधडतेच की! तिथे आपण तिला भीती म्हणत नाही.

बारीकसारीक गोष्टी तर सगळ्यांना ठाऊक असतात, पण ऐन वेळी त्याच नडतात. नवे बूट त्याच दिवशी घालू नयेत, चावतात. आठ दिवस आधी वाडीत घालून फिरावे, हसणारे हसतील. मूळ दाखले, झेरॉक्स, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र असा क्रम लावून फाईल आदल्या दिवशी बांधावी. मुंबईची मुलाखत असेल तर रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी थेट दारात उभे राहू नये. एक दिवस आधी जावे, कोणाकडे तरी उतरावे, आणि संध्याकाळी ती इमारत बाहेरून पाहून यावी. उपाशी जाऊ नये. चहावर चहा ढोसू नये, त्याने हात जास्तच कापतात. आत खुर्चीवर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकवावीत. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, सर" असे स्वच्छ सांगावे. आपल्या बोलण्यात कोकणी हेल येतो याची अनेकांना लाज वाटते. ती मला कधी कळली नाही. हेल असू द्या, वाक्य पूर्ण करा.

सरकारी नोकरीच्या मागे असलेल्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तिथे लेखी परीक्षाच खरी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतसुद्धा 2025 गुणांपैकी मुलाखतीचे 275. म्हणजे साधारण सातवा हिस्सा. बाकीचे तुम्ही कागदावर आधीच मिळवलेले असतात, ते तोंडाकडे पाहून कोणी काढून घेऊ शकत नाही. खाजगी कंपन्या, शाळा, पतसंस्था, आमच्या किनाऱ्यावरची रिसॉर्ट यांच्या मुलाखती मात्र चालूच आहेत.

बाबासाहेबांच्या बालपणाचा काही काळ आमच्या दापोलीत गेला. पुढे इंटर पास झाल्यावर शिक्षणाची ओढाताण सुरू झाली तेव्हा केळुसकर गुरुजी, बुद्धचरित्राची प्रत भेट देणारे तेच, त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि महिना 25 रुपयांची मदत सुरू झाली. 1913 साली महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. उत्तरे बाबासाहेबांनी स्वतः दिली हे खरेच. पण दारापर्यंत सोबत चालणारे एक माणूस होते. आपल्या मुलांबरोबर असे कोण जाते? बाप कामावर, आई कामावर, आणि ज्याने यापूर्वी अशी मुलाखत दिली आहे असा घरात कोणीच नाही. म्हणून ज्यांची नोकरी झाली आहे त्यांनी सुट्टी टाकून एखाद्या पोराबरोबर जावे. आत जायचे नाही, बाहेरच्या बाकड्यावर बसायचे. फाईल धरायची, पाण्याची बाटली द्यायची.

आणि घरच्यांनो, मूल परत आले की उंबऱ्यातच "झालं का काम?" असे विचारू नका. ते त्याला तरी कुठे माहीत असते? आधी जेवायला वाढा. काय काय विचारले ते रात्री आपणहून सांगेल. तेव्हा कोणीतरी ते प्रश्न वहीत उतरवून घ्या. पुढच्या रविवारी आम्हाला ते लागतात.