डुप्लिकेट आयआरएन

भोसरी एमआयडीसीतल्या शेडमधून टेम्पो बाहेर पडला की पूर्वी काळजी असायची ती मोठ्या कंपनीच्या मटेरियल गेटची. एक्साइज इनव्हॉइसच्या तीन प्रती: मूळ गिऱ्हाइकाची, दुसरी टेम्पोबरोबर, तिसरी आपल्या फाइलला. टेम्पो संध्याकाळपर्यंत परतला नाही, तर माल उतरला की अडकला हे कळायला एकच उपाय होता. एम-८० ला किक मारायची आणि गेट गाठायचं. खिडकीमागचे काका रजिस्टर आपल्याकडे फिरवायचे. “हे बघा, इनवर्ड झालंय.” नाहीतर, “पीओतला रेट जुळत नाही, परचेसला भेटा.” चूक काय आणि ती कोण निस्तरणार, दोन्ही एका दमात. अर्धा दिवस जायचा, ते वेगळंच.

इथली जकात २०१३ च्या एप्रिलमध्ये गेली, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं आणि चाकण-तळवड्याची बरीच लहान वर्कशॉपंही त्यात आली. आता बिलिंगचा प्रोग्रॅमच सरकारी ई-इनव्हॉइस पोर्टलच्या वेब सर्व्हिसला कॉल करतो. बिलाचा जेसॉन जातो, चौसष्ट अक्षरांचा आयआरएन (इनव्हॉइस रेफरन्स नंबर) आणि क्यूआर कोड परत येतो. तो येईस्तोवर टेम्पो उभा.

अडतं कुठे? एका शेडमध्ये बिलं सारखी परत येत होती: तारीख चुकीची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर तेच बिल बिनबोभाट जायचं. पोर्टलला तारखेत तिरप्या रेघा लागतात, आणि कोडमध्ये त्या होत्याही. पण डॉटनेटच्या लायब्ररीत तारखेच्या साच्यातली तिरपी रेघ म्हणजे ‘विंडोजच्या सेटिंगमधलं चिन्ह घाल’ असा हुकूम. लॅपटॉप अमेरिकन सेटिंगवर, डिस्पॅचचा पीसी भारतीय. तिथे रेघेच्या जागी आडवा डॅश जायचा. कोड कितीही वाचा, दोष दिसायचा नाही. तारेवरून प्रत्यक्ष गेलेला मजकूर लॉगमध्ये उघडला तेव्हा दिसला. साच्याला ‘इनव्हेरियंट कल्चर’ जोडलं, बिलं सुटली.

त्याहून वाईट टाइमआउट. कॉल गेला, उत्तर नाही. डिस्पॅचवाला पुन्हा बटण दाबतो आणि पडद्यावर २१५०: डुप्लिकेट आयआरएन. ते वाचून माणूस घाबरतो, बिलाचा नंबर बदलून पुन्हा पाठवतो, आणि एका मालाची दोन बिलं सरकारदरबारी जिवंत होतात. रद्द करायला चोवीस तासच मिळतात. खरं तर २१५० ही चांगली बातमी. पहिलाच कॉल पोचला होता, वाट चुकलं ते उत्तर. नंबर तोच ठेवून, बिलाचा तपशील देऊन ‘आयआरएन दे’ एवढंच विचारायचं. काकांना तरी आपण दुसरं काय विचारत होतो?

काकांची आठवण येते ती इथे. शिक्क्याची रांग, कार्बनचे काळे हात, नाशिक रस्त्याची धूळ यांतलं मला काहीही परत नको. पण ते रजिस्टर फिरवून दाखवायचे. आजच्या बऱ्याच लायब्रऱ्या पोर्टलचं मूळ उत्तर गिळतात आणि ‘काहीतरी चुकलं’ एवढंच पुढे करतात. म्हणून नव्या मुलांना मी पहिलं काम तेच लावतो: पाठवलेलं आणि आलेलं, जसंच्या तसं, वेळेसकट लॉगमध्ये टाका, टोकन आणि पासवर्ड तेवढे झाका. मुलं कुरकुरतात, डिस्क भरते म्हणतात. भरू दे.