न मोजलेले मैल

मनुष्याचे वय विचारणे असभ्यपणाचे समजतात. मोटारीच्या बाबतीत मात्र असा संकोच कोणी बाळगीत नाही. जुनी मोटार घ्यावयास आलेला गृहस्थ नमस्कार-चमत्कार होताच विचारतो, "किती मैल झाले?" आणि मीटरवरचा आकडा हाच तिचा जन्मदाखला मानून किंमत ठरवू लागतो. अमेरिकेत तर हा आकडा फसवणुकीने मागे फिरवणे १९७२ सालच्या कायद्याने बेकायदा ठरले आहे, आणि गाडी विकताना तो सहीनिशी लिहून द्यावा लागतो. आमचाही या आकड्यावर गाढ विश्वास होता. तो कसा ढळला, त्याची ही हकीकत.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०१३ साली नोकरीतून मोकळे झाल्यावर आम्ही एक मोटरहोम घेतले. मोटरहोम म्हणजे चाकांवर चढवलेले बिऱ्हाड : चूल, बिछाना, न्हाणीघर, सारे काही त्यात. परंतु तीस फुटांचे हे धूड एकदा मुक्कामी लावले, की शेरभर दुधासाठी ते पुन्हा हलवणे जिवावर येते. म्हणून त्याच्यामागे एक लहान मोटार लोखंडी दांड्याने जोडून न्यावयाची इकडे रीत आहे. अशा मोटारीस इकडचे लोक थट्टेने 'टोड', म्हणजे बेडूक, म्हणतात. कारण 'ओढलेली' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार तसाच होतो. तिचे दुसरे नाव 'डिंगी'. मोठ्या गलबतामागे बांधलेल्या होडीचे हे नाव आपल्याच देशातून, हिंदी-बंगालीतून, इंग्रजीत गेले आहे. इतक्या दूर देशी, मागून ओढल्या जाणाऱ्या वस्तूला आपल्याकडचे नाव मिळावे, याची आम्हांस मोठी गंमत वाटे.

आमची डिंगी २०१२ सालची, लहानशी जपानी गाडी होती. तिला ओढण्याचाही एक विधी असे. सकाळी इंजिन सुरू करावयाचे, गिअरचा दांडा सर्व घरांतून फिरवून शेवटी मोकळा ठेवावयाचा, तीन मिनिटे थांबावयाचे आणि मग इंजिन बंद करावयाचे. इंजिन थांबले तरी चाकांबरोबर गिअरबॉक्समधले काही भाग फिरतच राहतात. त्यांना तेल पोचावे म्हणून हा खटाटोप. दिवसाचा प्रवास आठ तासांहून लांबला, तर हे सारे पुन्हा. आणखी एक गोष्ट म्हणजे अशी जोडलेली गाडी मागे घेता येत नाही. दोन-चार फुटांतच तिची पुढची चाके वाकडी होऊन अडतात. रस्ता चुकला तर आधी तिला सोडवावी लागते.

न्यू जर्सीहून ग्रँड कॅन्यन सुमारे २४०० मैल. तेथवर ती आमच्यामागून मुकाट्याने आली, तरी तिच्या मीटरवरचा आकडा हलला नाही. जुन्या मोटारींचे मीटर गिअरबॉक्समधून निघालेल्या तारेवर चाले, त्यामुळे ओढल्या जाताना त्यांचे मैल सहसा मोजले जात. आमच्या गाडीचे मीटर विजेवर चालणारे. इंजिन बंद असता ते काहीच मोजीत नसे. हे आम्हांस फुकटात मिळालेले धन वाटे. पुढे एका कारागिराने पुढच्या टायरांच्या झिजलेल्या कडांवरून बोट फिरवले, आकडा पाहिला आणि मान हलवली. आम्ही दोष टायरांना दिला.

२०२३ साली आमचे डोळे अधू झाले. मोटरहोम विकले, आणि डिंगीही विकावयास काढली. साताऱ्याकडचा, येथे शिकावयास आलेला एक तरुण ती पाहावयास आला. मीटरवर ४३,००० मैल. त्याचा चेहरा फुलला. सौभाग्यवतींनी आम्हांस आत बोलावले. त्यांच्या हाती एक वही होती. प्रत्येक मुक्कामाला मोटरहोमच्या मीटरवरून त्यांनी त्या दिवसाचे मैल लिहून ठेवले होते. बेरीज ३७,०००.

"त्याला हे सांगितलंत?" त्यांनी विचारले.

आम्ही म्हणालो, "त्यात सांगायचे काय? कागदावर मीटरचाच आकडा लिहायचा असतो. इंजिन कुठे चालले होते? ती नुसती मागून आली."

"अहो, मागून येणाऱ्याची चाकं झिजत नाहीत होय?"

हे त्या मोटारीसंबंधीच बोलल्या, अशी आमची आजही समजूत आहे. परंतु १९८१ साली आम्ही या देशात आलो, तेव्हा त्या सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवीत होत्या. पुढे नोकरीपायी आम्ही ओहायोहून टेक्ससला आणि तेथून न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवले. प्रत्येक बदलीबरोबर आमचा पगार वाढला, हुद्दा वाढला. आमच्या मीटरवर सारे मैल नीट मोजले गेले.

आम्ही बाहेर जाऊन त्या तरुणापुढे वही ठेवली. पिस्टन, वाल्व आणि इंजिनातले बाकीचे सारे ४३,००० मैलांचे. टायर, चाकांचे बेअरिंग, धक्के झेलणारे भाग ८०,००० मैलांचे, असे समजावून सांगितले. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मग ही गाडी नेमकी किती चालली म्हणायची?" उत्तर आम्हांस सुचले नाही. बाराशे डॉलर कमी करून आम्ही ती दिली, आणि वहीही त्याच्याजवळ दिली. सरकारी कागदावर आकड्यासाठी एकच चौकट होती. तीत ४३,००० लिहिले.

तो गेल्यावर आम्ही सौभाग्यवतींना सहज विचारले, "तुमच्या मैलांची वही आहे का कुठे?"

"ती ठेवायला सवड कुणाला होती?" असे म्हणून त्या चहा टाकावयास उठल्या.

त्या रात्री आम्ही एक कोरी वही काढली आणि १९८१ पासूनची आमची गावे एकाखाली एक लिहिली. प्रत्येक गावी आम्ही काय केले, ते झरझर लिहून झाले. तेथे त्यांचे दिवस कसे गेले, हे लिहावयास घेतले, तो पहिल्याच गावापाशी लेखणी थांबली. ती वही अजून तशीच आहे. सध्या संध्याकाळी चहाच्या वेळी आम्ही त्यांना एकेका गावाविषयी विचारीत असतो.