वजन न घटल्याचा पुरावा

‘आजवर वजन कमी करण्यासाठी केलेले प्रयत्न अयशस्वी ठरल्याचे कागदोपत्री पुरावे सादर करावेत.’ विमा कंपनीच्या पत्रातलं हे वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. ऑपरेशन होऊन वर्ष झालं, पंचवीस किलो वजन उतरलं, जुने ग्राहक काउंटरवर मला ओळखत नाहीत. पण त्या वाक्याचा राग काही उतरलेला नाही.

मी नाशिकच्या एका पतसंस्थेत कर्जविभागात आहे. कागद मागणं हेच माझं काम. सातबारा, पगाराची स्लिप, जामीनदाराच्या सह्या, यातलं एक जरी कमी असलं तरी मी फाइल परत करते आणि मला त्याचं काही वाटत नाही. त्यामुळे कागद मागितले म्हणून मी चिडले, असं कुणी समजू नये. पण ‘तुमचे आधीचे चार धंदे बुडाल्याचा दाखला आणा, मग पाचव्याला कर्ज देतो’, असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. इथे नेमकं तेच चाललं होतं.

माझी उंची १५७ सेंटिमीटर, वजन तेव्हा ९३ किलो. म्हणजे बीएमआय ३७.७. मधुमेह पॉलिसी घेण्याआधीपासूनचा, फॉर्मवर लिहिलेला, त्याचा वेटिंग पीरियडही केव्हाच संपलेला. जोडीला झोपेत श्वास अडकायचा, म्हणजे स्लीप अॅप्निया. नवरा रात्री उठून मला हलवायचा, कारण घोरणं मधेच थांबलं की त्याला भीती वाटायची. शेवटी नाकावर मास्क लावून झोपायचं सीपॅप मशीन घेतलं. गुडघे, पाठ वगैरे सगळं ओघाने आलंच. सर्जनने तपासलं आणि दुर्बिणीतून बायपास करू म्हणाले. जठराची लहानशी पिशवी करायची आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. मधुमेह असेल तर हा पर्याय चांगला, असं त्यांचं म्हणणं. खर्चाचा अंदाज चार लाखांच्या घरात. पॉलिसी पाच लाखांची. मला वाटलं, झालं काम.

इथे नियम सांगते, कारण पॉलिसीच्या जाड पुस्तकात तो कुणी वाचत नाही. मीही वाचला नव्हता. वजन कमी करण्याचं ऑपरेशन विम्यात बसतच नाही, हा समज जुना झाला. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये काय वगळायचं याची शब्दरचना सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात लठ्ठपणाचं कलम सहावं. त्याप्रमाणे डॉक्टरांचा सल्ला हवा, ऑपरेशन वैद्यकीय निकषांना धरून हवं, वय अठरा पूर्ण हवं आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. तो ३५ ते ४० च्या मधे असेल, तर लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अॅप्निया किंवा नियंत्रणात नसलेला टाइप-२ मधुमेह, या चारांपैकी एक तरी हवा. शिवाय ऑपरेशनशिवायचे उपाय करून ते फसलेले हवेत. या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या, तरच कलम आडवं येत नाही.

हे ४० आणि ३५ चे आकडे १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरले होते. म्हणजे त्या लोकांच्या शरीराला लावलेलं माप. आपल्याकडचे सर्जन ३७.५ आणि आजार असतील तर ३२.५ धरतात. २०२२ मध्ये तर अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय सर्जनांच्या संघटनांनीच जुने आकडे सोडले आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करावा असं सांगितलं. याचं कारण आपल्या पुण्यातच सापडतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणं छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हे छापून वीस वर्षं झाली, तरी आमच्या पॉलिसीत आकडा १९९१ चाच. असो. मी ३७.७ वर होते, म्हणजे दुसऱ्या कप्प्यात. दोन आजार हातात होते. राहता राहिले ते ‘फसलेले उपाय’.

हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरच्या, म्हणजे विम्याचे कागद बघणाऱ्या, मुलाने कॅशलेसची विनंती पाठवली. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने अशा विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो. तासाच्या आत उत्तर आलंही. “मॅडम, क्वेरी आलीय,” तो म्हणाला. वर लिहिलेलं वाक्य त्याच क्वेरीतलं.

आता मला सांगा, बाई वजन कमी करायला निघते तेव्हा पावत्या जपून ठेवते का? लग्नानंतरच्या पहिल्या बाळंतपणापासून मी वजन कमीच करतेय. सकाळी कोमट पाणी, लिंबू, मध. त्यानंतर दुधीचा रस. जिमची सहा महिन्यांची फी एकदम भरली, कारण सवलत होती, आणि दुसऱ्याच महिन्यात गुडघा सुजला. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली तेव्हा मीही दोनदाच जेवले. आठ किलो उतरले, आणि सासूबाईंच्या आजारपणात जागरणं सुरू झाली तसे परत चढले. आहारतज्ज्ञ बाईंचा सगळा सल्ला व्हॉट्सअॅपवर, तोही जुन्या फोनवर, जो बिघडला म्हणून एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. गंगापूर रोडवर पहाटे चालायला जायची, त्याची पावती कोण देणार? गोदावरी?

मोठ्या जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, तुझा लग्नातला फोटो पाठव आणि परवाच्या मुंजीतला पाठव. आणखी काय पुरावा पाहिजे त्यांना?” मी हसले, पण रात्री खरोखरच जुने अल्बम काढून बसले.

मग कपाट उपसलं. जिमच्या पावतीवर नाव नवऱ्याचं, कारण पैसे त्याने भरले होते. आयुर्वेदिक केंद्राच्या पंचकर्माच्या बिलावर तारीख होती, वजन नव्हतं. भूक कमी करणाऱ्या पावडरचं बिल ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या नावावर. चरबी शोषली जाऊ नये म्हणून एका डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं मेडिकलचं बिल सापडलं, पण त्यावरची शाई उडालेली. कोरा गुळगुळीत कागद. ज्या गोष्टींची मी वर्षानुवर्षं लाज बाळगली, ज्या चारचौघात कधी बोलले नाही, त्या एकेक करून काढायच्या, झेरॉक्स करायच्या, प्रत्येकीवर सही करायची आणि डेस्कवरच्या पंचविशीतल्या मुलाच्या हातात द्यायच्या. तो बिचारा सभ्य होता. पानं उलटताना वर बघत नव्हता.

सुटका केली ती आमच्या नाशिकरोडच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी. त्यांच्याकडे अजून पिवळे केसपेपर आहेत. ताप असो की पोटदुखी, कंपाउंडर आधी काट्यावर उभं करतो आणि आकडा कोपऱ्यात लिहितो. तिथे माझं सगळं चरित्र होतं. ७१, ७८, ७४, ८३, ७९, ८८. मधे मधे डॉक्टरांच्या अक्षरात ‘आहार सांगितला’, ‘चालणे सुरू’, ‘वजन पुन्हा वाढले’. “ताई, हे सगळं न्या, मी लेटरहेडवर लिहूनही देतो,” ते म्हणाले. फी घेतली नाही.

ते कागद गेले आणि नकार आला. या वेळी कारण वेगळं होतं, आणि खरी कमाल इथेच आहे. सर्जनकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझं एचबीए१सी ९.४ होतं. तीन महिन्यांच्या साखरेची ती सरासरी. एवढ्या साखरेवर ऑपरेशन केलं तर जखम चिघळते, म्हणून फिजिशियनने इन्शुलिन सुरू केलं. मी निमूट टोचून घेतलं, गोड बंद, भात बंद. तीन महिन्यांनी ७.२ आलं. हॉस्पिटलने आनंदाने तो रिपोर्ट जोडला. कंपनीने तोच वाचून लिहिलं की रुग्णाचा मधुमेह नियंत्रणात आहे, सबब अट पूर्ण होत नाही.

म्हणजे साखर वाढलेली ठेवावी तर सर्जन हात लावणार नाही आणि उतरवावी तर कंपनी पैसे देणार नाही. वजनाचंही तसंच. यकृत लहान व्हावं म्हणून ऑपरेशनआधी दोन आठवडे प्रोटीनच्या पावडरवर ठेवतात. माझ्या उंचीच्या ज्या बाईचा बीएमआय ३५.३ आहे, तिने त्या दोन आठवड्यांत एक किलो उतरवला की ती ३५ च्या खाली जाते. आज्ञाधारक रुग्णालाच अपात्र करणारा हा हिशेब कुणा डॉक्टरने तपासलाय का, की नुसत्याच रकान्यात खुणा केल्यात? मला विचाराल तर कोणता आकडा धरायचा, पहिल्या तपासणीचा की भरती होतानाचा, हे कलमातच लिहिलेलं हवं.

स्लीप अॅप्निया होताच की, असं तुम्ही म्हणाल. होता, पण माझा स्लीप स्टडी मशीन घेतलं तेव्हाचा, म्हणजे जुना. आणि सर्जनच्या पत्रात नुसतं ‘स्लीप अॅप्निया’ लिहिलेलं. ‘तीव्र’ हा शब्द नव्हता. कंपनीला तो शब्द हवा होता. पुन्हा एक रात्र डोक्याला, छातीला, पायाला वायरी चिकटवून झोपले. झोपले कसली, पडून राहिले. तरी तासाला ४२ वेळा श्वास अडकल्याचं निघालं. ३० च्या वर गेलं की तीव्र धरतात. सर्जनने नवं पत्र दिलं. त्यात कलमाचा क्रमांक, ९.४ ची तारीख, इन्शुलिन कशासाठी दिलं ते, आणि ‘तीव्र’ हा शब्द, सगळं घातलं.

मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. पतसंस्थेतली भाषा इथे कामी आली. रडगाणं नाही, फक्त मुद्दे आणि जोडपत्रं. नकार द्यायचा तर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे तो कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीसमोर गेला पाहिजे. तो गेला होता का, एवढंच विचारलं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाणार, हेही लिहिलं. ती वेळ आली नाही. मंजुरी आली. ‘तुमच्या विनंतीचा फेरविचार करण्यात आला आहे’, इतकंच. चूक झाली, असा शब्द नाही. डिस्चार्जच्या वेळी हातमोजे, डायपर असल्या विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे पैसे भरले आणि घरी आले.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्या रागाशी जुळत नाही. ऑपरेशननंतर आहाराच्या गटात एक मुलगी भेटली. जेमतेम तिशीची, लग्न ठरायला हवं म्हणून आईने आणलेली. तिने कधी धड सहा महिने डाएट केलं नव्हतं, आजार काही नव्हता. पैसे वडिलांनी रोख भरले होते, तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मला उलट्या होत होत्या, केस गळत होते, बी-१२, लोह आणि कॅल्शियम आयुष्यभर घ्यायचं आहे हे कळलं होतं. तेव्हा तिच्याकडे बघून वाटलं, हिला कुणीतरी ‘आधी काय केलंस ते दाखव’ म्हणायला हवं होतं. म्हणजे तो प्रश्न मुळात वाईट नाही? नसेल. पण तो डॉक्टरने समोर बसून विचारायचा असतो. पत्रातून आला की तो प्रश्न राहत नाही, अविश्वास होतो. यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

‘शॉर्टकट मारलास’ म्हणणारे नातेवाईक भेटतात. त्यांना मी उत्तर देत नाही. आज माझं वजन ६८ आहे. इन्शुलिन बंद झालं, एक गोळी राहिलीय. सीपॅप मशीन पुन्हा तपासणी करून डॉक्टरांनी बंद केलं, आता माळ्यावर आहे. नवरा रात्री उठत नाही.

ज्यांना या वाटेने जायचं आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. पॉलिसीचं लठ्ठपणाचं कलम सर्जनला स्वतः वाचायला द्या आणि पत्र त्याच शब्दांत मागा. साखर उतरवण्याआधीचा रिपोर्ट जपा. नकार तोंडी घेऊ नका; कलमासकट लेखी मागा. कंपनीकडे दाद लागली नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. आणि ऑपरेशन करायचं असो वा नसो, पुढच्या वेळी सर्दीसाठी जरी डॉक्टरकडे गेलात तरी काट्यावर उभ्या राहा, आणि आकडा केसपेपरवर लिहायला लावा.