पन्नास-पन्नासची शेवटची बॅच

2014 आणि 2015 या दोन वर्षी महाराष्ट्रात इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचं सूत्र वेगळं होतं. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सला निम्मं वजन, जेईई मेनला निम्मं. 2016 ला राज्याची सीईटी परत आली आणि बारावी पात्रतेपुरती उरली. मी 2015 ची. त्या सूत्राच्या शेवटच्या बॅचची.

जेईईत मला 360 पैकी 68 होते. बार्शीच्या आमच्या कॉलेजात जेईईचं नाव निघायचं ते 'पुण्याची मुलं देतात ती परीक्षा' अशा सुरात. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, मग प्रश्न कधी सोडून द्यायचा, हे शिकवणारं कुणी नव्हतं. बोर्डाचं पुस्तक मात्र सरांनी असं घोटून घेतलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी मी डेरिव्हेशन लिहिलं असतं. तीन विषयांत 300 पैकी 279. (त्यातले फिजिक्स, केमिस्ट्रीचे तीस-तीस प्रॅक्टिकलचे. जर्नल पूर्ण असलं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना पोहे वेळेवर मिळाले की ते कुठे जात नाहीत, हे बारावी सायन्स केलेल्या कुणालाही सांगायला नको.) या 279 नी त्या 68 ला खांद्यावर घेतलं आणि मला सरकारी कॉलेजात नेऊन बसवलं.

माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण एक वर्ष मागे होती. तेच कॉलेज, तेच सर, वह्यासुद्धा माझ्याच. तिला 283 पडले. माझ्यापेक्षा चार जास्त. सीईटीत 200 पैकी 84. तिथे गुण कापत नाहीत, अभ्यासक्रमही बोर्डाचाच. पण 90 मिनिटांत फिजिक्स, केमिस्ट्रीचे 100 प्रश्न. पायरीपायरीने उत्तर लिहायला शिकलेल्या हाताला तो वेग आणायचा कुठून?

त्याच वर्षी माझ्या मामेभावाला बोर्डात 211 होते. दोन वर्षं तो लातूरला क्लासच्या होस्टेलवर होता, कॉलेजात त्याचं फक्त नाव होतं. सीईटीत 158. माझ्यापेक्षा चांगल्या कॉलेजात गेला. तो हुशार आहे, त्यात वाद नाही. पण लातूरच्या दोन वर्षांचे पैसे मामाकडे होते, तिच्या बाबांकडे नव्हते. खासगी कॉलेजची फी तर त्याहून लांबची गोष्ट. तिने बार्शीतच बीएस्सी केलं.

माझ्या रोजच्या कामात 0.5 चं 0 करायला एक ओळ बदलावी लागते. रिव्ह्यूला कुणीतरी विचारतंच, याने कोणाचं काय तुटेल? बारावीचं वजन काढण्यामागे कारणं होती, ती मला पटतातही. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका तराजूत तोलणं अवघड, प्रॅक्टिकलचं तर वर सांगितलंच. जेईई मेनच्या रँकमध्येही 2013 पासून बोर्डाला 40 टक्के वजन होतं, तेही 2017 ला गेलं. पण बोर्डाचे गुण ही आमच्यासारख्या कॉलेजांना देता येणारी एकमेव गोष्ट होती. तिची किंमत शून्य झाल्यावर पोरं वर्गात कशाला बसतील? 2018 मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. म्हणजे वर्गात यायचं कारण काढून घेतलं आणि दारात अंगठा मागितला. 2022 मध्ये पुन्हा अर्धं-अर्धं करणार अशी घोषणा झाली. ती घोषणाच राहिली.

गेल्या महिन्यात चुलतबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा अकरावीत आहे. "बोर्डाला किती लागतात गं हल्ली?" मी सांगितलं, सीईटीसाठी पात्रतेएवढे पुरतात. एनआयटी हवी तर 75 टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव. सीईटीत दोघं सारखेच आले आणि विषयवार पाहूनही तिढा सुटला नाही, तर बारावीचे, मग दहावीचे गुण बघतात.

"म्हणजे कॉलेजला नाही गेला तरी चालेल ना?"

चालेल, म्हटलं. मग विचारलं, कुठल्या कॉलेजात घातलाय. आमच्याच. सर आहेत का अजून?

"आहेत की. रोज येतात. वर्गात कोण असतं पण."